एचएप्रॉक्सी: सर्व्हर डाउन का, हेही सांगणारा लोड बॅलन्सर

एचएप्रॉक्सी म्हणजे येणारं ट्रॅफिक मागच्या अनेक सर्व्हरमध्ये वाटून देणारा लोड बॅलन्सर. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण वेगाबद्दल लिहितात. एका मशीनवर किती कनेक्शन्स पेलतो, मेमरी किती कमी खातो वगैरे. वेगवान तो आहेच, त्यावर मला काही म्हणायचं नाही. माझं काम इन्फ्राचं, म्हणजे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळायचं. मी ऑन-कॉल असते तेव्हा ‘साइट हळू चालतेय’ म्हणून फोन क्वचितच वाजतो. वाजतो तो ‘बॅकएंड डाउन’ म्हणून, म्हणजे मागचे सर्व्हर बंद पडले म्हणून. आणि पाहायला जावं तर ज्याच्या नावाने ओरड चाललीय तो सर्व्हर बऱ्याचदा ठणठणीत असतो. कधी याच्या अगदी उलट: डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार आणि वापरणाऱ्यांच्या स्क्रीनवर कोरं पान. अशा वेळी लोड बॅलन्सरकडून माझी अपेक्षा एवढीच असते, की बाबा रे, ‘डाउन’ म्हणून मोकळा होऊ नकोस, तू काय विचारलंस आणि तुला काय उत्तर मिळालं ते सांग. हा रिव्ह्यू त्या एका कसोटीवरचा आहे. त्यात एचएप्रॉक्सी चांगल्या मार्कांनी पास होतो. तक्रारीही आहेत, त्या पुढे येतीलच.

आधी आमचा सेटअप सांगते, नाहीतर पुढचं अधांतरी वाटेल. ओपन सोर्स आवृत्ती, दोन मशीन, त्यांच्यामध्ये कीपअलाइव्हडी (एक मशीन पडलं की दुसऱ्याला पुढे करणारा प्रोग्राम) आणि एक व्हर्च्युअल आयपी, म्हणजे जे मशीन कामावर असेल त्याच्याकडे राहणारा सामायिक पत्ता. एक मशीन मास्टर, दुसरं स्टँडबाय. बरेचसे बॅकएंड टीसीपी मोडमध्ये, म्हणजे लेयर ४ वर (नुसती नेटवर्क जोडणी), काही एचटीटीपी मोडमध्ये, म्हणजे लेयर ७ वर (वेब रिक्वेस्ट). एचएप्रॉक्सी विली तारो यांनी सुरू केला, २००१ पासून तो लोकांच्या हातात आहे, सी भाषेत लिहिलेला आहे आणि फुकट आहे. आवृत्ती घेताना दुसरा आकडा सम आहे ना ते बघायचं (२.८, ३.०, ३.२), कारण लाँग-टर्म सपोर्ट त्यांनाच मिळतो.

आता मुद्द्याचं. लोड बॅलन्सर ठरावीक अंतराने प्रत्येक सर्व्हरला ‘बरा आहेस ना?’ असं विचारतो, तो हेल्थ चेक. एचएप्रॉक्सीचं स्टॅट्सचं पान दिसायला जुनाट आहे. बारीक अक्षरांचा कोष्टक, रंगीत पट्ट्या, ना ग्राफ ना काही. नवीन आलेली मुलं ते बघून नाक मुरडतात. पण त्यात ‘लास्टचेक’ नावाचा एक स्तंभ आहे आणि त्या एका स्तंभासाठी मी हे पान कुठल्याही चकचकीत डॅशबोर्डच्या बदल्यात देणार नाही. तिथे ‘एल७ओके/२०० इन ३एमएस’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. सर्व्हर पडला की तिथेच ‘एल४कॉन’, ‘एल४टाउट’, ‘एल६आरएसपी’, ‘एल७एसटीएस/५०३’ यांपैकी काहीतरी येतं. पहिला आकडा लेयरचा: चेक कुठल्या पायरीवर अडकला. पुढची अक्षरं कारणाची. शेवटी लागलेला वेळ. माऊस वर नेला की इंग्रजीत एक ओळीचा खुलासा. समोर चांदणी दिसली तर चेक या क्षणी चालू आहे. बस, एवढंच. पण एवढ्यावर अर्धं ट्रबलशूटिंग लॉगिन करण्याआधीच होतं.

एल४कॉन आणि एल४टाउट यातला फरक बघा. दोन्हींचा ढोबळ अर्थ ‘कनेक्शन झालं नाही’ असाच, आणि बरेच लोड बॅलन्सर दोन्हीला नुसतं ‘अनहेल्दी’ म्हणून सोडून देतात. एल४कॉन म्हणजे बहुतेक वेळा समोरून स्पष्ट नकार आला, कनेक्शन रिफ्यूज्ड. मशीन जिवंत आहे, नेटवर्क पोचतंय, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. सर्व्हिस पडलीय, पोर्ट चुकलाय, किंवा सर्व्हिस फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनपुरती ऐकतेय. हा तिसरा प्रकार कंटाळा येईल इतक्या वेळा पाहिलाय. सर्व्हरवर जाऊन ‘एसएस -एलटीएन’ ही कमांड (कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पोर्टवर कोणी ऐकतंय ते दाखवणारी) मारली की लगेच दिसतं. एल४टाउट म्हणजे उत्तरच आलं नाही. पॅकेट गेलं आणि वाटेत कोणीतरी गिळलं. इथे सर्व्हिस रीस्टार्ट करण्यात अर्थ नाही, फायरवॉलवाल्यांना उठवायचं. आणि वेळेकडे लक्ष द्या. ‘एल४टाउट इन २००१एमएस’ असं असेल तर तो आकडा सर्व्हरचा नाहीच, तो आपलाच आहे. चेकचं अंतर, म्हणजे ‘इंटर’, काही न सांगता २ सेकंद असतं. तेवढी वाट बघून आपल्याच टायमरने फोन ठेवला, इतकाच त्याचा अर्थ.

या एल४टाउटचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. नवीन अ‍ॅप सर्व्हर जोडले होते आणि सगळेच लाल. डेव्हलपर पोरगा म्हणाला, “मॅडम, आमच्या साइडने सगळं नीट आहे. माझ्या लॅपटॉपवर उघडतंय, हे बघा.” खरंच उघडत होतं.

“तुझ्या लॅपटॉपवर उघडेलच रे,” मी म्हटलं. “एचएप्रॉक्सीच्या बॉक्सवरून कर्ल मार आणि मग सांग.”

तिथून कर्ल (कमांड लिहून पान मागवायचं टूल) मारलं तर नुसतं थांबून राहिलं. फायरवॉलचा नियम पाहिला: सोर्स म्हणून व्हर्च्युअल आयपी लिहिलेला. कागदावर अगदी तर्कशुद्ध, कारण सगळ्या डायग्राममध्ये लोड बॅलन्सर म्हणून तोच आयपी असतो. पण हेल्थ चेक व्हर्च्युअल आयपीवरून निघत नाही. वेगळं काही सांगितलं नसेल तर तो मशीनच्या स्वतःच्या आयपीवरून निघतो. आणि दोन मशीन आहेत, म्हणजे दोन आयपी. मास्टर आणि स्टँडबाय दोघेही आपापले चेक स्वतंत्रपणे करत असतात. हे कळल्यावर घाईघाईत फक्त मास्टरचा आयपी उघडून देणारेही असतात. मग मास्टरवर सगळं हिरवं होतं, तिकीट बंद होतं, आणि स्टँडबायवर तोच बॅकएंड लाल राहतो. ते पान कोणी उघडत नाही. ज्या दिवशी फेलओव्हर होतो, म्हणजे मास्टर पडून काम स्टँडबायकडे जातं, त्या दिवशी उघडतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे: नवीन सर्व्हर जोडला की दोन्ही मशीनची स्टॅट्स पानं शेजारी-शेजारी उघडून बघायची, त्याशिवाय काम झालं असं म्हणायचं नाही.

ही एचएप्रॉक्सीची उणीव म्हणावी का? थोडीशी. दोन एचएप्रॉक्सी ‘पीअर्स’ वापरून स्टिक-टेबल (कोण कुठल्या सर्व्हरला चिकटलंय अशा नोंदी) एकमेकांना देतात, पण कोण जिवंत आणि कोण मेलं हे एकमेकांना सांगत नाहीत. एका अर्थी बरंच आहे, कारण प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. पण सर्व्हर जास्त असले की चेकची संख्या दुप्पट होते आणि अ‍ॅपवाले लॉग दाखवून विचारतात की हे दर सेकंदाला कोण दार ठोठावतंय. एकच सर्व्हर पाच बॅकएंडमध्ये असेल तर ‘ट्रॅक’ वापरा: एका ठिकाणी चेक, बाकीचे त्याच्या निकालावर चालतात. मोठ्या सेटअपमध्ये चेक एकदम पडू नयेत म्हणून ‘स्प्रेड-चेक्स’ आहे.

लेयर ६ म्हणजे टीएलएसची, म्हणजे एन्क्रिप्शनची पायरी. इथले कोड कमी दिसतात, पण दिसले की डोकं खातात. सर्व्हरच्या ओळीत ‘एसएसएल’ लिहिलेलं असलं की चेकही टीएलएसनेच जातो, हे ठीक. पण चेकसाठी वेगळा ‘पोर्ट’ किंवा ‘अ‍ॅड्र’ दिलात की ही सोय आपोआप गळून पडते आणि चेक साधा जायला लागतो. मग ‘चेक-एसएसएल’ हाताने लिहावं लागतं. प्रॉक्सी प्रोटोकॉलचंही (मूळ क्लायंटचा पत्ता सर्व्हरला कळवायची पद्धत) तेच, तिथे ‘चेक-सेंड-प्रॉक्सी’. आणि एसएनआयचं, म्हणजे टीएलएस जोडणी करताना सांगायच्या साइटच्या नावाचं, गौडबंगाल वेगळंच. खऱ्या ट्रॅफिकसाठी एसएनआय रिक्वेस्टमधल्या होस्टवरून घ्यायचा असं बरेच जण लिहून ठेवतात. चेकमागे रिक्वेस्टच नसते, तर घेणार कुठून? ‘चेक-एसएनआय’ वेगळा द्यावा लागतो. नाही दिला तर काही सर्व्हर हँडशेकच नाकारतात, आणि तुम्ही सर्टिफिकेटची तारीख तपासत बसता. डॉक्युमेंटेशनमध्ये हे सगळं आहे. खोटं बोलणार नाही, अगदी नीट लिहिलेलं आहे. फक्त तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहे.

खरी गंमत लेयर ७ वर. ‘ऑप्शन एचटीटीपीचेक’ एवढीच ओळ लिहिली की एचएप्रॉक्सी ‘ऑप्शन्स’ मेथडने, एचटीटीपी १.० मध्ये, ‘/’ या पत्त्यावर विचारणा करतो. होस्ट हेडर, म्हणजे कुठली साइट हवी ते सांगणारी ओळ, नाही. २००१ सालच्या जगात हे समंजस होतं. आजचे अनेक फ्रेमवर्क ऑप्शन्सला ४०५ (ही मेथड चालत नाही) देतात, म्हणजे सर्व्हर धडधाकट असून ‘एल७एसटीएस/४०५’ आणि लाल. होस्ट नसल्यामुळे व्हर्च्युअल होस्टवाला वेब सर्व्हर ४०० किंवा ४०४ देतो, पुन्हा लाल. हे दोन्ही त्रास निदान आरडाओरडा करून येतात, कोड समोर असतो, पाच मिनिटांत सुटतात. गुपचूप येतो तो तिसरा.

एचएप्रॉक्सी वेगळं सांगेपर्यंत २०० ते ३९९ यांतला कुठलाही कोड ‘बरा’ मानतो. म्हणजे रीडायरेक्टही बरा. आमच्या एका अंतर्गत अ‍ॅपचा डेटाबेस गेला की ते अ‍ॅप मोठ्या सभ्यपणे ३०२ देऊन स्वतःच्या एरर पानाकडे पाठवायचं. एरर पान २०० ने उघडायचं, पण तिथपर्यंत चेक जातच नाही, तो रीडायरेक्टच्या मागे धावत नाही. त्याच्या लेखी ‘एल७ओके/३०२’, सगळे सर्व्हर हिरवे, आणि लोक मात्र ‘काहीतरी चुकलं’ हे पान बघत बसलेले. लॉगिनकडे रीडायरेक्ट करणाऱ्या अ‍ॅपमध्येही हेच होतं. इलाज दोन ओळींचा आहे. ‘एचटीटीपी-चेक सेंड’ने गेट मेथड, ‘/हेल्थ’ पत्ता आणि होस्ट हेडर स्पष्ट लिहायचं, आणि ‘एचटीटीपी-चेक एक्स्पेक्ट स्टेटस २००’ म्हणून ठणकावून सांगायचं. २.२ आवृत्तीपासून हे लिहिणं खूपच सुटसुटीत झालंय. एकाच चेकमध्ये कनेक्ट, सेंड, एक्स्पेक्ट अशी साखळीही लावता येते. त्याआधी होस्ट हेडर द्यायचा तर आवृत्तीच्या मजकुराला जोडून, मध्ये उलट्या तिरक्या रेघा घालून लिहावा लागे. तशा ओळी अजून जुन्या फाइलींमध्ये सापडतात. दिसल्या की बदलून टाका.

स्टॅट्स पान हिरवं दिसलं तर मी आता कोडही वाचते. हिरवा आणि २००, ठीक. हिरवा आणि ३०२, तर चौकशी. आणि हिरवा पण नुसता ‘एल४ओके’, तर मग जास्तच.

कारण एल४ओके हा या प्रॉडक्टचा सगळ्यात फसवा निकाल आहे. सर्व्हरच्या ओळीत नुसतं ‘चेक’ लिहिलं की एवढंच तपासलं जातं: टीसीपी कनेक्शन होतं की नाही. आता टीसीपीचा हँडशेक करतं कोण? अ‍ॅप नाही, ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल. अ‍ॅपने एकदा पोर्ट उघडून ठेवला की पुढची जोडणी कर्नल परस्पर उरकतं आणि कनेक्शन रांगेत लावून ठेवतं, अ‍ॅप उचलेल तेव्हा उचलेल. त्यामुळे जावाची प्रोसेस सगळे थ्रेड अडकून निपचित पडलेली असली तरी एल४ओके येत राहतो. दाराची बेल वाजली म्हणून घरात कोणी जागं आहे असं होत नाही, तसंच हे. हे स्वतः बघायचं असेल तर एखाद्या टेस्ट सर्व्हरवर प्रोसेसला ‘किल -स्टॉप’ करा. अ‍ॅप पूर्ण गोठलं, पण चेक हिरवाच. तिथेच ‘एसएस -एलटीएन’ चालवून त्या पोर्टच्या ओळीतला ‘रिसीव्ह-क्यू’चा आकडा बघा, त्यावर थोडं खरं ट्रॅफिक सोडा. आकडा वाढत जातो. ती न उचललेल्या कनेक्शन्सची रांग. रांग पूर्ण भरली की मग कुठे चेक टाइमआउट व्हायला लागतो. तोवर एचएप्रॉक्सी इमानेइतबारे लोकांना त्या मेलेल्या सर्व्हरकडे पाठवत राहतो.

डेटाबेससमोर साधा टीसीपी चेक लावणं तर आणखी घातक. मायएसक्यूएलमध्ये अर्धवट सोडलेल्या सलग जोडण्या होस्टप्रमाणे मोजल्या जातात, मर्यादा डीफॉल्टने १००. चेक येतो, कनेक्शन करतो, काही न बोलता निघून जातो. असं होता होता मर्यादा ओलांडली की मायएसक्यूएल तो होस्टच ब्लॉक करतो. आणि तो होस्ट कोण, तर लोड बॅलन्सर! म्हणजे ज्याच्यातून सगळं ट्रॅफिक येतं तोच बाहेर. एरर मेसेजमध्ये ‘फ्लश होस्ट्स’ करायचा सल्ला असतो, तो केला की चालू होतं, आणि मग पुन्हा काही वेळाने तेच. मूळ कारण हेल्थ चेक आहे हे सुचायला वेळ जातो. एचएप्रॉक्सीत यासाठी ‘मायएसक्यूएल-चेक’ आहे, युझर देऊन वापरला की हँडशेक नीट पूर्ण करतो. तसेच पोस्टग्रेस, रेडिस, एसएमटीपी, एलडॅपसाठीही तयार चेक आहेत. पण मायएसक्यूएलवाल्याला बिनापासवर्डचा युझर लागतो, ज्यावर सिक्युरिटीवाले भुवया उंचावतात, आणि तो क्वेरी काही चालवत नाही. रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची प्रत, तासभर मागे असली तरी त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. आम्ही डेटाबेसच्या मशीनवर एक छोटी एचटीटीपी सर्व्हिस ठेवतो. ती रेप्लिकेशन बघून २०० किंवा ५०३ देते आणि एचएप्रॉक्सी त्या वेगळ्या पोर्टवर चेक करतो. यातला धोका उघड आहे: छोटी सर्व्हिस जिवंत आणि डेटाबेसचा खरा पोर्टच बंद, असं होऊ शकतं. म्हणून त्या स्क्रिप्टने खऱ्या पोर्टवर जोडणी करूनच उत्तर द्यायला हवं, सॉकेट फाइलवरून नाही.

वेळेचं गणित. ‘इंटर’ २ सेकंद, ‘फॉल’ (सलग किती चेक चुकले की बाद) ३, ‘राइज’ (सलग किती जमले की परत) २, हे डीफॉल्ट. म्हणजे सर्व्हर मेल्यापासून बाद व्हायला साधारण सहा सेकंद. मला हे आकडे पटतात, बहुतेकांनी त्यांना हात लावू नये. मात्र एक खाचखळगा आहे. ‘टाइमआउट चेक’ दिला नसेल तर अख्ख्या चेकला ‘इंटर’एवढाच वेळ मिळतो. ‘/हेल्थ’ला कधी अडीच सेकंद लागत असतील तर दर वेळी ‘एल७टाउट’. मग लोक काय करतात, इंटर १० सेकंदांवर नेतात. टाइमआउट जातो खरा, पण आता मेलेला सर्व्हर ओळखायला अर्धा मिनिट. टाइमआउट चेक वेगळा द्या, इंटर तसाच ठेवा. आणि ‘/हेल्थ’ला अडीच सेकंद का लागतात हे अ‍ॅपवाल्यांना विचारा, कारण उत्तर बहुधा ‘आम्ही त्यात डेटाबेस, कॅश, पेमेंट, सगळंच तपासतो’ असं असतं.

या ‘सगळंच तपासतो’ प्रकाराबद्दल माझं मत ठाम आहे. सर्वांचा मिळून जो एक डेटाबेस आहे तो प्रत्येक सर्व्हरच्या हेल्थ चेकमध्ये घालू नका. तो पाच सेकंद अडखळला की सगळे सर्व्हर एकदम लाल होतात. लॉगमध्ये ‘हॅज नो सर्व्हर अव्हेलेबल’ ही ओळ येते आणि जे पान डेटाबेसशिवाय चाललं असतं तेही ५०३ द्यायला लागतं. अ‍ॅमेझॉनच्या नेटवर्क लोड बॅलन्सरची इथे वेगळी तऱ्हा आहे: सगळेच टार्गेट अनहेल्दी झाले तर तो सगळ्यांकडेच ट्रॅफिक पाठवतो. एचएप्रॉक्सी तसं करत नाही. कोणीच बरं नसेल तर तो दार बंद करतो. हवं तर ‘बॅकअप’ सर्व्हर लिहून ठेवा, निदान माफीचं पान तरी दिसेल. मला एचएप्रॉक्सीचा कडकपणा आवडतो, कारण काय झालं ते निःसंदिग्ध कळतं. पण हा कडकपणा झेपायचा तर हेल्थ चेक विचारपूर्वक लिहिलेला हवा, आणि त्याबाबत हे सॉफ्टवेअर तुमचा हात धरत नाही.

लॉगिंगबद्दल एक वाक्य: ‘ऑप्शन लॉग-हेल्थ-चेक्स’ आधी चालू करा. चेकचा निकाल बदलला की ओळ पडते, कारण, कोड, लागलेला वेळ आणि ‘२/३ अप’ असा हिशेब. ‘मधूनच जातो आणि येतो’ असल्या तक्रारी याच ओळींच्या वेळा मांडून सुटतात. एका अ‍ॅपचे चेक बरोबर त्याच्या रात्रीच्या बॅकअपच्या वेळी दोनदा चुकून सावरत होते. तिसऱ्यांदा चुकल्याशिवाय सर्व्हर डाउन होत नाही, म्हणून अलर्ट कधी आलाच नाही. लॉग नसता तर हे कळलं नसतं. हे डीफॉल्टने चालू का नाही, हा माझा जुना रुसवा आहे.

ज्या दोन सोयींसाठी मी हे प्रॉडक्ट सोडणार नाही त्यांच्याबद्दल क्वचितच कोणी बोलतं. पहिली, ‘डिसेबल-ऑन-४०४’. डिप्लॉयमेंटच्या आधी अ‍ॅप ‘/हेल्थ’वर ४०४ द्यायला लागतं. एचएप्रॉक्सी त्याला मेलेलं न समजता ‘एल७ओकेसी’ म्हणतो आणि सर्व्हर ‘नोएलबी’ होतो: नवे लोक येत नाहीत, आधीपासून चिकटलेले राहतात. लोड बॅलन्सरवर कोणाला लॉगिन द्यावं लागत नाही. डेव्हलपर टीम आपापले सर्व्हर आपणच बाजूला काढते, मला फोन येत नाही. परत येताना ‘स्लोस्टार्ट’ दिलेला असेल तर भार हळूहळू चढतो, थंड कॅशवर एकदम लोंढा येत नाही.

दुसरी, ‘एजंट-चेक’. सर्व्हरवरचा एक लहानसा प्रोग्राम टीसीपीवर एक ओळ देतो: ‘५०%’, ‘ड्रेन’, ‘मेंट’, ‘अप’. वजन त्याप्रमाणे बदलतं. फार उपयोगी, आणि त्यात एक भोवरा. एजंटशी जोडणीच झाली नाही तर एचएप्रॉक्सी ते मनावर घेत नाही, त्यासाठी नेहमीचा चेक आहेच. पण एजंटने एकदा ‘डाउन’ सांगितलं आणि मग तो एजंटच बंद पडला, तर सर्व्हर डाउनच राहतो. नेहमीचा चेक एल७ओके/२०० म्हणत असला तरी, कारण एजंटचं ‘अप’ आल्याशिवाय त्याची सुटका नाही. चेक पास होतोय आणि सर्व्हर लाल, असं कोडं दिसलं तर आधी एजंट जिवंत आहे का बघा. ओळीच्या शेवटी नवीन ओळीचं चिन्ह पाठवायला विसरणारे एजंटही पाहिलेत.

पर्यायांचं थोडक्यात. फुकटच्या एनजिनएक्समध्ये स्वतःहून चेक करण्याची सोय नाही. खरी रिक्वेस्ट फसली की तो सर्व्हरला थोडा वेळ बाजूला ठेवतो, म्हणजे तुमचे वापरणारेच हेल्थ चेक. स्वतःहून तपासणारा चेक पैसे मोजून घ्यायच्या आवृत्तीत आहे. लिनक्स कर्नलमधल्या आयपीव्हीएस या लोड बॅलन्सरच्या वेगाला तोड नाही, पण तो स्वतः काही तपासत नाही, तपासायला कीपअलाइव्हडीसारखं कोणीतरी वर बसवावं लागतं. क्लाउडचे तयार लोड बॅलन्सर देखभालीला सोपे. मात्र हेल्थ चेक कुठे अडकला हे एचएप्रॉक्सीइतक्या थेटपणे मला तिथे क्वचित वाचायला मिळतं.

कोणी घेऊ नये? ज्यांच्याकडे कॉन्फिग फाइल वाचायला बसणारा एकही माणूस नाही त्यांनी. हे माऊसने चालवायचं काम नाही. डॉक्युमेंटेशन म्हणजे एक लांबलचक टेक्स्ट फाइल आहे, कोरडी पण अचूक. लिहिणाऱ्यांना वाचणाऱ्याची दया नाही पण आदर आहे. सर्च करता येणाऱ्यांना पुरते.

आणि रीलोडबद्दल, कारण हे कुठल्याच सुरुवातीच्या ट्युटोरियलमध्ये सापडत नाही. कॉन्फिग बदलून रीलोड केलं की नवी प्रोसेस सुरू होते आणि तिला जुन्या प्रोसेसने काय पाहिलं ते माहीत नसतं. पहिला चेक होईपर्यंत ती सगळ्या सर्व्हरना जिवंत धरते, तासाभरापूर्वी मेलेल्यालाही. त्या क्षणभरात थोड्या रिक्वेस्ट तिकडे जाऊन फसतात, आणि वर्दळ जास्त असेल तर ते ग्राफवर टोचून दिसतं. यावर ‘सर्व्हर-स्टेट-फाइल’ लावा: रीलोडच्या आधी ‘शो सर्व्हर्स स्टेट’चा निकाल फाइलमध्ये उतरवायचा आणि ‘लोड-सर्व्हर-स्टेट-फ्रॉम-फाइल ग्लोबल’ लिहायचं, म्हणजे नवी प्रोसेस तिथून वाचून घेते. ३.१ आवृत्तीपासून ‘इनिट-स्टेट’ही आहे, त्यात सर्व्हर सुरुवातीला डाउन धरायचा असं सांगता येतं. तो लावताना बॅकएंडमधल्या सगळ्याच सर्व्हरना सरसकट लावू नका, नाहीतर रीलोडनंतर पहिले चेक पास होईपर्यंत एकही सर्व्हर उरत नाही.